माझ्या फोटोचा मुका चौकोन

पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मीराचा फोन आला. मीरा माझी एकुलती एक लेक, परभणीला दिलेली. म्हणाली, "तात्या, आईचा आवाज मला मोबाईलवर पाठवा."

मी म्हणालो, "पाठवतो की." फोन ठेवला आणि आईचा आवाज ज्या लॅपटॉपात होता तो कपाटातून काढला. बघतो तर तो चालूच होईना. हे पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं? तिची आई, म्हणजे माझी बायको सोजर, जाऊन तेव्हा सात महिने झालते.

आमच्या गावातले एक सर दिवाळी अंक काढतात. ते मागं लागले होते, "तात्या, दुकानाचे अनुभव लिहून द्या. हलकंफुलकं, लोकांना आवडंल असं." मी म्हणालो, सर, माझी शाळा पाचवीपर्यंत, आणि हलकंफुलकं सध्या माझ्याजवळ काही नाही. ते म्हणाले, असंल तसं द्या. तर हे असंल तसं आहे. शुद्धलेखन सरांनी बघावं, बाकीच्याला हात लावू नये.

माझं दुकान दिंद्रुडला, बाजाराच्या रस्त्याला. रेडिओ दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली आणि कंप्युटरपर्यंत आलो. कसा शिकलो ते सांगत बसत नाही. उघडायचं, बघायचं, बिघडवायचं, परत बसवायचं. कंप्युटर दुरुस्त करणारे आता पायलीला पन्नास आहेत. पण एक काम असं होतं की त्यासाठी माजलगावचे, परळीचे दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाला माझ्याकडं धाडायचे. एका जातीच्या कंप्युटरसाठी केलेला प्रोग्राम दुसऱ्या जातीच्या कंप्युटरवर चालवून द्यायचा.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंप्युटर म्हणजे नुसतं लोखंड. त्याच्यात आधी एक कारभारी बसवावा लागतो. कुणाच्या मशिनीत विंडोज नावाचा कारभारी असतो, कुणाच्या मशिनीत लिनक्स नावाचा. मोबाईलमधला आणखी तिसराच. प्रोग्राम ज्या कारभाऱ्यासाठी लिहिला, त्याचीच भाषा त्याला येते. दुसऱ्याच्या दारात गेला की मुका होतो. आता गंमत अशी की जुन्या, थकलेल्या मशिनीला लिनक्स हलका पडतो आणि फुकट मिळतो. म्हणून गरिबाची मशीन मी लिनक्सवर न्यायचो. पण त्याचे कामाचे प्रोग्राम सगळे विंडोजचे. तिथं माझं काम सुरू व्हायचं.

मी लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात गेलतो. शाळा सुटली ती तिथंच. बापाला कानडीचा एक शब्द येत नव्हता. पण टोळीचा मुकादम मधे उभा राहायचा. बाप मराठीत बोलायचा, मुकादम कारखान्याच्या माणसाला कानडीत सांगायचा, तिकडचं उत्तर इकडं आणायचा. बापाचं काम अडलं नाही. लिनक्सवर असाच एक मुकादम बसवता येतो, त्याचं नाव वाइन. विंडोजचा प्रोग्राम म्हणतो, मला फाइल उघडून दे. मुकादम ते लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतो. प्रोग्रामला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. त्याचं घर म्हणजे 'सी ड्राइव्ह', तोसुद्धा हा मुकादम खोटाच उभा करतो. खरं बघितलं तर ते लिनक्सच्या पोटातलं एक लपवलेलं फोल्डर असतं. आपण फडात पाचटाची कोपी बांधून तिलाच घर म्हणायचो, तसं.

धर्मापुरीच्या एका गुरुजींचा किस्सा सांगतो. लग्नाच्या पत्रिका जुळवायचे. त्यांचा पत्रिकेचा प्रोग्राम जुन्या विंडोजचा, आणि मशीन दम टाकत होती. मी म्हणालो, "गुरुजी, लिनक्स टाकू अन वर वाइन टाकू. तुमचा प्रोग्राम जसाच्या तसा चालंल."

गुरुजी खुर्चीतून अर्धे उठले. "वाइन? अहो मेकॅनिक, या मशिनीवर मी लग्नं जुळवतो!"

"नुसतं नाव हाय गुरुजी. बाटली न्हाई."

आमची सोजर मागं स्टुलावर बसलेली असायची. दुकानातला चहा, झाडलोट, सुटे पैसे आणि गिऱ्हाइकाशी बोलणं, ही चारी खाती तिचीच. मी तोंडाचा फटकळ, माणसं तुटायची. ती तिच्या तोंडानं परत जोडायची. ती तिथूनच म्हणाली, "पाजा की थोडी गुरुजी. एखाद्या पोरीचा मंगळ तरी उतरंल."

गुरुजी हसले म्हणून काम मिळालं. प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला. मी खूश. आठ दिवसांनी गुरुजी परत, तोंड उतरलेलं. प्रोग्राम चालतोय, पण त्यांनी इतक्या वर्षांत भरलेली एकबी पत्रिका त्यात नाही. मी प्रोग्रामचं फोल्डर तेवढं उचलून आणलं होतं. भरलेल्या पत्रिका तो प्रोग्राम दुसरीकडंच ठेवत होता, 'माय डॉक्युमेंट्स' म्हणून विंडोजची एक खोली असते तिथं. गुरुजी म्हणाले, "घर आणलंत मेकॅनिक, माणसं तिकडंच ठेवलीत." नशीब, जुनी डिस्क मी फेकली नव्हती. गिऱ्हाइकाची डिस्क मी कधीच फेकत नाही, पोत्यात टाकून ठेवतो.

गुरुजी गेल्यावर सोजर म्हणाली, "तुमच्यापक्षी आमच्या टोळीची म्हातारी शहाणी होती."

तिच्या माहेरची टोळी आमच्यासारखीच ऊसतोडीची. ट्रक निघायच्या आधी टोळीतली एक म्हातारी ट्रकच्या मागं उभी राहायची आणि एकेका घराचं नाव घेऊन ओरडायची, "सामान कुठंय?" बाजरीचं पोतं, तवा, कोयते, लेकरू, सगळं दाखवल्याबिगर ती ट्रक हलू द्यायची नाही. एकदा लेकरू गावातच झोपलेलं राहिलं होतं म्हणं, तेव्हापासून.

त्या दिवसापासून सोजर प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची, "सामान आणलं का?" गिऱ्हाईक गोंधळायचं. मग मी समजावून सांगायचो की बाई विचारत्यात तुमच्या फाइली कुठं ठेवलेल्या आहेत. तिला कंप्युटर येत नव्हता, सही सोडून लिहिताही येत नव्हतं. पण तिच्या या एका प्रश्नानं माझी इज्जत किती वेळा वाचली, ते मलाच माहीत.

दुसरा किस्सा उमापूरच्या अंगणवाडीताईंचा. माहेर आमच्या गावचं, म्हणून माझ्याकडं आल्या. लेकरांची हजेरी मोबाईलच्या ॲपवर भरायची आणि मोबाईल फुटलेला. ते ॲप फक्त मोबाईलच्या कारभाऱ्याचं. इथं मुकादमानं भागत नाही. इथं लॅपटॉपच्या आत अख्खा खोटा मोबाईलच उभा करावा लागतो, मग ॲप त्यात सुखानं राहतं. मी त्यांच्या जुन्या लॅपटॉपात तसं करून दिलं. बाई उमापूरला घेऊन गेल्या, हजेरी भरली. चौथ्या दिवशी फोन.

"तात्या, माझी लेकरं अमेरिकेला गेली!"

"काय म्हणता?"

"साहेबांचा फोन आलता. म्हणले, ताई, तुमच्या हजेरीचं ठिकाण अमेरिका दिसतंय, तुम्ही तिकडं काय करताय? मी म्हणलं, खिचडी वाटतेय साहेब."

झालं असं होतं की खऱ्या मोबाईलला आपण कुठं उभे आहोत ते कळतं. खोट्या मोबाईलला कळत नाही. तो जिथं तयार झाला तिथलंच ठिकाण सांगत बसतो. मग मी उमापूरला जाऊन अंगणवाडीच्या दारात उभा राहिलो, ठिकाण हातानं भरून दिलं. लेकरं अमेरिकेतून परत आली. सोजरला सांगितलं तर म्हणाली, "मला बी न्या एकदा तिकडं. जाणं-येणं खिचडीवर."

तिचं बोलणं असं होतं. मी इथं दोन-तीन वाक्यं लिहिली. ती दिवसभर बोलायची. मी कधी कधी म्हणायचो, "सोजर, जरा गप बस की. डोकं चालंना."

सोजर सकाळ-संध्याकाळ दाताला तंबाखूची मिसरी लावायची. तिची आई लावायची, माझी आई लावायची. घसा बसला तेव्हा आम्ही हळद-दूध केलं, गुळण्या केल्या. तीन महिने घालवले. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, घशातली आवाजाची पेटी काढावी लागंल. जीव वाचंल, आवाज जाईल.

ती बाहेर आल्यावर मला म्हणाली, "म्हणजे तुमचं डोकं चालंल आता."

तिथं आवाजाच्या एक मॅडम होत्या. आवाज गेलेल्या माणसांना बोलायला शिकवायच्या. तरणी पोरगी, पण समजदार. त्यांनी मला एक सीडी दिली. जुन्या विंडोजचा प्रोग्राम होता. पडद्यावर चौकोनांची पाटी येते. सहा चौकोन आडवे, चार ओळी. प्रत्येक चौकोनात एक चित्र. आपण त्याच्यात आपल्या आवाजात शब्द भरायचा. मग चौकोन दाबला की तो शब्द बोलतो. मॅडम म्हणाल्या, "काका, मोबाईलवर नवे ॲप आहेत, पण त्यात मशीनचा आवाज. हा जुना आहे, पण यात आजींचाच आवाज राहील. ऑपरेशनच्या आधी भरून ठेवा."

दुकानातल्या टेबलावरच्या मोठ्या मशिनीत जुना विंडोज होताच. तिथं प्रोग्राम बसवला. पण शब्द भरायला बसलो तो नेमका बाजाराचा दिवस. चार माणसं दुकानात थांबलेली. मी घाईत. लाल बटण दाबायचो, ती बोलायची, परत दाबायचो, नाव देऊन ठेवायचो. पाणी. चहा. भूक. गोळी. दुखतंय. उलटी. संडास. पंखा. झोप. पांघरूण.

सोजर बसक्या आवाजात म्हणाली, "अवं, नुसतं दुखतंय अन संडासच भरायलेत की. मी काय इतकीच ऱ्हाणार हाय का?"

"मग काय भरू?"

"मीरेचं नाव भरा. 'बस की जरा' भरा. एखादी शिवी बी भरा, लागंल."

मीराचं नाव भरलं. बाकीचं म्हणालो, नंतर. लोक थांबलेत. नंतर भरू. तिनं लोकांकडं बघितलं. एकवीस चौकोन भरले. दोन कोरे ठेवले. एक राहिला, त्यात मी माझा फोटो टाकला होता, मला बोलवायसाठी.

"हं, आता माझं नाव घे."

तिनं कपाळाला हात लावला. "येड लागलंय का? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं बास."

"मशिनीत घ्यायचं हाय, माणसात न्हाई."

"माणसं बसलीत की समोर. अन मशीन काय बिनकानाची हाय का?"

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे सांगायला नको. चाळीस वर्षांत तिनं घेतलं नाही. मी म्हणालो, "मग मला कसं बोलावशील?"

"कसं म्हणजे? अवं."

"'अवं' काय शब्द हाय का? दवाखान्यात 'अवं' वाजलं की धा नवरे वळून बघतील."

थांबलेली माणसं हसली. तीही हसली, पण आवाज फाटला आणि खोकला आला. माझ्या फोटोचा चौकोन तसाच ठेवून मी पाटी बंद केली. उठता उठता ती म्हणाली, "लाल दाबायचं, बोलायचं, परत दाबायचं. एवढंच का तुमचं शिक्षण? अन त्याच्यावर एवढा तोरा."

दुसऱ्या दिवशी मी कागदपत्रांसाठी माजलगावला गेलो. ती दुकानात बसली. तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात जायला निघालो.

टेबलावरची मशीन खाटेजवळ नेता येत नाही. माझ्याकडं एक छोटा लॅपटॉप होता, लिनक्सवर चालणारा, हलका. निघायच्या सकाळी मी त्यात वाइन बसवलं, प्रोग्रामचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं आणि लॅपटॉपात टाकलं. दहा मिनिटांत काम झालं. पाटी उघडली. 'पाणी' दाबलं, सोजरच्या आवाजात 'पाणी' आलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी तो तिला दाखवला, ती फडक्यात पोळ्या बांधत होती, तिनं मान हलवली. गाडी दारात उभी होती. आयुष्यभर लोकांसाठी जे केलं ते घरच्या माणसासाठी पहिल्यांदाच उपयोगी पडत होतं.

त्या सकाळी मला कुणी विचारलं नाही, सामान आणलं का म्हणून. विचारणारी तीच होती, आणि तिचं ध्यान गळ्याकडं होतं.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. घरी आलो. खाटेजवळ लॅपटॉप ठेवला. ती लई लवकर शिकली. दोन शब्द जोडून तिसरा अर्थ काढायची. माझी भावजय बघायला आली आणि दोन तास स्वतःच्या गुडघ्याचं सांगत बसली, तर सोजरनं आधी 'गोळी' दाबलं, मग भावजयीकडं बोट केलं, मग 'झोप' दाबलं. भावजय उठून गेली. सोजर आवाज न येता हसली, नुसते खांदे हलले.

पण एक चौकोन ती परत परत दाबायची. माझ्या फोटोचा. दाबायची, वाट बघायची. काही यायचं नाही. परत दाबायची. मी म्हणायचो, "तो मुका हाय सोजर. त्यात भरलंच न्हाई काही. कावून दाबती सारखं?"

ती मान जोरात हलवायची. गळ्याकडं बोट करायची, लॅपटॉपकडं करायची, मग माझ्याकडं. परत गळा, लॅपटॉप, मी. मला वाटायचं गळा दुखतोय. मी गोळी द्यायचो. ती गोळी हातात घेऊन माझ्याकडं बघत बसायची. एकदा तिनं ती गोळी भिंतीवर फेकली. मी चिडलो. "मी काय देव हाय का सगळं कळायला?" असं बोललो. आजारी माणसाला बोललो.

त्याच्यानंतर तिनं तो चौकोन दाबायचा सोडला. मला बोलवायचं असलं की स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायची. टिण टिण. दुकान घराला लागूनच आहे, ऐकू यायचं. कधी लगेच जायचो. कधी हातात सोल्डरिंग असायचं, तेवढं संपवून जायचो. कधी वाटी दोनदा, तीनदा वाजायची. अकरा महिने मी त्या वाटीवर आत-बाहेर केलं. दुखणं परत उलटलं, ते मानेत उतरलं. शेवटच्या आठवड्यात वाटी वाजवायची ताकद राहिली नाही, म्हणून मी दुकान बंद करून खाटेजवळच बसलो. ते आधीच करायला पाहिजे होतं.

ती गेल्यावर लॅपटॉप कपाटात ठेवला. हात लावायची हिंमत नव्हती. सात महिन्यांनी मीराचा फोन आला तेव्हा काढला, तर बॅटरी फुगून पाठ उचललेली, आणि आतला बोर्ड गेलेला. त्या जातीच्या लॅपटॉपची डिस्क बोर्डावरच चिकटवलेली असते, काढून दुसरीकडं लावता येत नाही. तीन दिवस खटपट केली. माझ्या हयातीत इतकं कुठल्या मशिनीपुढं बसलो नाही. ती मशीन मेली ती मेली. मीराचा रोज फोन. "तात्या, पाठवला का?" "पाठवतो. जरा काम निघालंय." पोरीला आईचा 'मीरे' एवढा एक शब्द पाहिजे होता, आणि तिचा बाप जिल्ह्यात या कामासाठी नावाजलेला.

चौथ्या दिवशी डोक्यात आलं. टेबलावरची जुनी मशीन मधल्या काळात भंगारात गेली होती, पण तिची डिस्क पोत्यात असणार. पोतं उपडं केलं. सगळ्या डिस्क सारख्याच. एकेक लावून बघितली. सहावी निघाली आमची.

दुपार होती. लाइट नुकतीच आलती. प्रोग्रामचं फोल्डर सापडलं, एकवीसच्या एकवीस शब्द होते. दुसऱ्या मशिनीवर लिनक्स होतंच, वाइन बसवलं, फोल्डर नेलं. 'मीरे' दाबलं. वाजलं. मी डिस्क काढायला हात लावला, आणि कानात आलं, सामान आणलं का? भास वगैरे नाही. वीस वर्षांची सवय. मी ती खोली उघडली, 'माय डॉक्युमेंट्स'. गुरुजींच्या पत्रिका जिथं राहिल्या होत्या तशीच खोली, या डिस्कवरची.

आत प्रोग्रामच्या नावाचं एक फोल्डर, आणि त्यात एकच फाइल. आवाजाची. तारीख बघितली. मी माजलगावला गेलतो तो दिवस. वेळ दुपारची.

मला अजून उमगेना. मग मी डिस्कवरची मूळ पाटी तपासली. कोणत्या चौकोनात कोणता आवाज, हे प्रोग्राम एका यादीत लिहून ठेवतो. माझ्या फोटोच्या चौकोनापुढं या फाइलीचं नाव होतं. मी भरताना प्रत्येक शब्दाला नाव द्यायचो, जागा दाखवायचो, म्हणून माझे एकवीस शब्द प्रोग्रामच्या फोल्डरात गेले. तिनं नाव-बिव काही दिलं नाही, तिला लिहिता येतच नव्हतं. लाल दाबलं, बोलली, परत दाबलं. प्रोग्रामनं मग तो आवाज स्वतःच्या मनानं त्या खोलीत ठेवला.

तो चौकोन मुका नव्हताच. दुकानातल्या मशिनीवर तो बोलत होता. मीच सामान मागं ठेवून घर उचलून नेलं होतं. गळा, लॅपटॉप, मी. माझा आवाज आहे यात, तुमच्यासाठी. इतकं सोपं होतं ते. गुरुजींना जे एकदा केलं, त्याच चुकीवर मी लोकांना वीस वर्षं शहाणपण सांगितलं, आणि तीच परत केली. गुरुजींचं आठ दिवसांत निस्तरलं. हिचं निस्तरायला ही राहिली नाही.

मीराला त्या दिवशी एकवीस शब्द पाठवले. फोनवर ती रडली, मग हसली, म्हणाली, "तात्या, 'संडास' कशाला पाठवलं?" मी म्हणालो, ठेव, आवाज तिचाच आहे. ती फाइल मात्र पाठवली नाही. ती तिच्यासाठी नव्हती.

ती मी आधीच ऐकली होती, फाइल सापडली त्याच दुपारी. ती नव्या मशिनीतल्या त्या खोट्या सी ड्राइव्हच्या खोलीत नेली, पाटी उघडली, माझ्या फोटोवर दाबलं.

आधी नुसता रस्त्याचा आवाज आला. एक टेम्पो गेला. स्टूल सरकलं. मग सोजर, बसक्या आवाजात, स्वतःशीच, "झालं का चालू हे?" मग दुकानातून घरात हाक मारावी तशी, "अवं." थांबली. मी उत्तर देईन म्हणून थांबायची तेवढीच थांबली. "अवं, ऐकू येतंय का? या की इकडं."

"आलो," मी म्हणालो. खुर्ची मागं सरकवून उठलोसुद्धा.

काउंटरला एक गिऱ्हाईक मोबाईल घेऊन उभं होतं. ते म्हणालं, "तात्या, कुणीकडं निघाले?"